मॉरिस की फियाट

भूकंपाला चार वर्षं झाली, तरी आमचे हे स्लॅबखाली झोपत नाहीत. लातूरचं आमचं घर नुसतं हललं, पडलं नाही. पण यांनी दोघांचं अंथरूण उचलून टाकलं ते अंगणातल्या जुन्या गाड्यांत. हे मॉरिस मायनरमध्ये, मी फियाटमध्ये. मग खोल्या रिकाम्या कशाला, म्हणून क्लाससाठी लातुरात येणाऱ्या परगावच्या मुलींना भाड्याने दिल्या. परक्या मुली माझ्या पलंगावर ऐसपैस झोपतात आणि मी, शांतम्मा, वय वर्षं पंचावन्न, गाडीत पाय मुडपून. चीड येते मला.

मागची एक खोली तेवढी उरली होती. आज ती स्वतःसाठी मागायचीच, असं ठरवून मी चहा घेऊन अंगणात आले. तिथे चांदपाशा मिस्त्री बसलेले. आमच्या दोन्ही गाड्या तीस वर्षं तेच दुरुस्त करतात.

“शेजारच्या क्लासवाल्याला हितं भाड्यानं पत्र्याचं शेड टाकायचंय,” हे म्हणाले. “एक गाडी मिस्त्रींना इकावी लागती. मॉरिस ठिवू. असल विलायती हाय, आमच्या वडलांनी घेतलेली.”

“आन् मी?”

“मागच्या सीटवर झोप की.”

माझं डोकंच फिरलं. “मॉरिसला दोनच दारं! तुमी उठून सीट दुमडल्याबिगर मला उतरता येतं का? मोरीला जायचं तर तुमाला उठवू? फियाटला चार दारं हायती. गिअर बी स्टेअरिंगपाशी, पुढं झोपलात तरी तुमच्या कमरंत रुतत न्हाई.”

“डुक्कर फियाट ती! मॉरिसचं इंजन बघ.”

“इंजनावर झोपता का तुमी?”

चांदपाशांनी हसू दाबलं. “मालक, अक्का बराबर बोलायल्यात. मॉरिसचे पार्ट बी मिळंनात आता.”

हे बराच वेळ मॉरिसच्या बोनेटवर हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “न्या.” चांदपाशा मॉरिस घेऊन फाटकाबाहेर पडले. चार वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं गेलं होतं. मी खुशीत फियाटची मागची सीट झटकायला घेतली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. इस्लापूरची एक मुलगी ट्रंक घेऊन उतरली, सोबत वडील. “काकू, मागची खोली कुठंय? काकांनी देतो म्हटलं होतं.”

“दाखव की तिला,” हे म्हणाले.

मी मुलीच्या ट्रंकेचं एक कडं उचललं. यांना दोष तरी कसा देणार? खोलीचा शब्दसुद्धा मी काढला नव्हता. तावातावाने भांडून मी मागितलं होतं ते गाडीचं दार.