खुर्ची ओढण्याचे दोन गुण

वैद्यकीय महाविद्यालयात तिला सगळे रडकी मावशी म्हणत. नवरा खोटा, कॅन्सर खोटा, रडणं मात्र खरं. होऊ घातलेल्या डॉक्टरांना वाईट बातमी नीट सांगता येते का, याची परीक्षा तिच्यावर व्हायची. सकाळपासून बारा वेळा ती कोसळायची आणि मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा चाटूनपुसून खायची. गुणही तीच द्यायची. खुर्ची जवळ ओढली की दोन, टिशूचं खोकं हाताशी सरकवलं की एक, बोलण्याआधी थांबलं की दोन. एका उंच पोराने उभ्याउभ्याच "सॉरी हं, कॅन्सर आहे," म्हणून टाकलं. त्याला तिने भोपळा दिला आणि वर तासभर शिकवलं.

मग खऱ्या नवऱ्याच्या मानेवर गाठ निघाली. पठ्ठ्याने ती दोन महिने कॉलरखाली लपवली होती. गाठीचा तुकडा तपासायला गेला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्या आठवड्यात त्याने एकच घड्याळ तीनदा उघडलं. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण डोळे ठणठणीत कोरडे.

"बाहेर बारा वेळा रडतेस. माझ्या वाट्याला एकदा तरी?"

"तुम्ही आधी मरा तर खरं," ती म्हणाली आणि तिने दूध उतू घालवलं.

रिपोर्ट सांगायला दोघांसमोर तोच उंच पोरगा, आता डॉक्टर झालेला. तिला ओळखून त्याने घाम पुसला. खुर्ची जवळ ओढली. टिशूचं खोकं सरकवलं. थांबला.

तिने मनातल्या मनात गुण मोजले. पाचपैकी पाच. इतकं चोख कोणी उगाच करत नाही.

"सांगून टाक रे मेल्या."

"चरबीची साधी गाठ आहे. घाबरायचं काही नाही."

"मग खुर्ची कशाला ओढलीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मावशी. उभ्याने सांगितलं की भोपळा."

त्याला चार शिव्या हासडायला तिने तोंड उघडलं आणि भडभडून रडू आलं. नाक वाहू लागलं, हुंदके आवरेनात. इतकं बेढब ती परीक्षेत कधीच रडली नव्हती.

नवऱ्याने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. खोकं तिच्या हाताशी सरकवलं. काही न बोलता थांबला.

"चार," ती नाक शिंकरत म्हणाली. "गाठ लपवल्याबद्दल एक कापला."