नमुन्याची बाटली

सेसप्पा साल्यानने ती बाटली भरली तेव्हा कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पुढे चौकशीतही त्याने हेच सांगितलं, आणि सांगता सांगताच आपलं बोलणं किती पोकळ आहे हे त्याचं त्याला कळलं.

मंगळूर बंदराच्या उत्तरेला, मोगवीर कोळ्यांच्या वाडीला लागून इंधनाचा डेपो होता. अकरा टाक्या, त्यांच्याभोवती छातीएवढे सिमेंटचे बांध. सेसप्पा तिथला आगसुरक्षेचा सुपरवायझर. वय चोपन्न, नोकरी सत्तावीस वर्षांची, आणि इतक्या वर्षांत विडीच्या थोटकाएवढीही आग लागलेली नाही याचा त्याला मनातून अभिमान.

पेट्रोलची आग नुसत्या पाण्याने विझत नाही, तिला फोम लागतो. मधासारखा दाट द्रव. पाण्यात मिसळून मारला की फेस होतो आणि जळत्या पेट्रोलवर गोधडीसारखा पसरून आगीचा श्वास कोंडतो. पण वर्षानुवर्षं टाकीत पडून राहिला की तो नासतो, म्हणून दरवर्षी त्याचा नमुना तपासणीला जायचा. त्या ऑगस्टमध्ये सेसप्पाने फोमच्या टाकीची तोटी उघडली, तर आंबूस वास आला आणि बाटलीत दह्यासारख्या गाठी पडल्या. तो तसाच मॅनेजर मनोहर रावांकडे गेला.

"साहेब, माल नासलाय. नमुना नापास होणार."

"अहो मारायरे, नापास झाला तर डेपोला टाळं लागेल. दोन जहाजं बाहेर ताटकळलीत. नवा फोम मागवलाय, मार्चपर्यंत येईल. तेवढं निभावून न्या."

"कसं निभावू?"

"सत्तावीस वर्षं झाली तुम्हाला. मी काय शिकवू?"

गोदामात नव्या मालाचं एक सीलबंद पिंप होतं. सेसप्पाने त्यातून बाटली भरली, वर जुन्या टाकीचा नंबर घातला आणि सही केली. नमुना पास झाला. पास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्याने वाटेवर बांगडे घेतले. जलजाक्षीने, त्याच्या बायकोने, त्यांची झणझणीत गस्सी, नारळाच्या वाटणाची आमटी, केली आणि तो दोनदा भात मागून घेऊन जेवला. त्या दिवशी आपल्याला भूक लागली होती, ही गोष्ट नंतर त्याला फार खुपायची.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी जहाजातून पेट्रोल उतरत होतं. सहा नंबरच्या टाकीचा पातळी दाखवणारा काटा अडकला. काटा 'अजून जागा आहे' म्हणत राहिला आणि टाकी भरून वाहू लागली. बांधाच्या आत गुडघाभर पेट्रोल साचलं. वास आला म्हणून कुणीतरी ओरडलं, तेवढ्यात कुठूनशी ठिणगी पडली. धडाका असा झाला की वाडीतल्या घरांची कौलं जागची हलली. बघता बघता टाकी आणि तिच्याभोवतीचा सगळा बांध पेटला. काळ्या धुराने ऊन झाकून टाकलं.

जहाजाचे पंप लगेच बंद झाले. सेसप्पाने आपल्या सहा माणसांना पाण्याच्या तोफांवर लावलं आणि शेजारच्या टाक्या भिजवायला सुरुवात केली. इथवर त्याचं काही चुकलं नाही. वीस मिनिटांत शहरातून तीन बंब आले. बरोबर स्टेशन ऑफिसर ग्रेगरी पिंटो होते. मॉक ड्रिलच्या निमित्ताने दोघांची दहा वर्षांची ओळख.

"साल्यान, आत काय येतंय अजून? आग खाली बसत का नाही?"

"सात नंबरची टाकी त्याच पाइपला जोडलीय. तिचंही पेट्रोल वाहून येतंय. आतला व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागेल."

"म्हणजे बांधात उतरायचं. फोम किती आहे?"

"बारा हजार लिटर."

"माल कसा आहे?"

मनोहर राव दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सेसप्पाकडे पाहिलंसुद्धा नाही; रुमालाने चष्मा पुसत राहिले.

"ऑगस्टमध्ये पास झालाय," तो म्हणाला.

शब्दशः ते खरं होतं. पिंटोंनी मान डोलावली आणि माणसं नेमली. आधी बांधाच्या एका कडेला फोम पसरायचा, आग दबली की दोघांनी त्यातून आत जायचं आणि व्हॉल्व्ह बंद करून यायचं. यतीश बंगेरा नावाच्या जवानाने स्वतःहून हात वर केला. तेहतीस वर्षांचा, दणकट, थट्टेखोर. दरवर्षीच्या ड्रिलला तो सेसप्पाच्या कँटीनमधल्या चहाला नावं ठेवायचा आणि तीन कप प्यायचा.

फोम सुटला. पांढरा झोत बांधावरून आत पडला, पसरला, आणि त्या कडेची आग खरंच दबली. माणसांनी आरोळी दिली. सेसप्पालाही क्षणभर वाटलं, चाललं की! कदाचित गाठी तळाशीच राहिल्या असतील. कदाचित आपणच उगीच घाबरत होतो. यतीश आणि त्याचा जोडीदार बांधावर चढले. उतरण्यापूर्वी यतीशने मागे वळून सेसप्पाकडे अंगठा दाखवला. सेसप्पानेही हात वर केला.

मग त्याला दिसलं, की फेसाला छिद्रं पडताहेत. कपडे धुतल्यावर बादलीतला फेस विरतो तसा तो जागोजागी पाणी होऊन खाली बसत होता. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण काय बघायचं ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. ओरडायला हवं होतं. पण ओरडलो तर कसं कळलं म्हणून विचारतील, हा विचार आधी आला. दोघं बारा पावलं आत गेले. तो बघत राहिला. ते व्हॉल्व्हपाशी वाकले. तरी तो बघतच राहिला. किती वेळ? चौकशीत तो म्हणाला, दोन मिनिटं. एका बंबाच्या ड्रायव्हरने फोनवर चित्रण केलं होतं. त्यात पावणेचार मिनिटं निघाली.

"मागे फिरा!" शेवटी त्याच्या तोंडून किंकाळीच फुटली. "यतीश, मागे फिर! फोम टिकत नाही!"

जोडीदार जवळ होता, तो उडी मारून बांधावर आला. यतीश व्हॉल्व्हचे शेवटचे आटे फिरवत होता. ते पुरे करूनच तो वळला, आणि तेवढ्यात मागून ज्वाळा फुटलेल्या फेसावरून सरसरत आली. तो पळाला, पडला, उठला. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा मांडीपर्यंत दोन्ही पाय भाजले होते. पाण्याचा झोत अंगावर असतानाही तो विचारत होता, "बंद झाला ना? व्हॉल्व्ह बंद झाला ना?"

पिंटोंनी सेसप्पाचा खांदा धरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"रंगावरून," सेसप्पा म्हणाला. "सवयीची नजर आहे."

व्हॉल्व्ह बंद झाल्यामुळे आग पसरली नाही. दुपारी तेलशुद्धीकरण कारखान्यातून नवा फोम आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा नंबरची टाकी वितळलेल्या कढईसारखी होऊन विझली. तोवर सेसप्पा तोफेवरून हलला नाही. जेव, बस, म्हणून माणसं विनवत होती. त्याच्या भुवया करपल्या, तळहात सोलले. लोक म्हणाले, निष्ठा असावी तर अशी. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला: अनुभवी नजरेने दोन जवानांचे प्राण वाचवले. जलजाक्षीने ते पान कपाटात साडीखाली जपून ठेवलं. नवऱ्यासाठी ती वाडीच्या राखणदार दैवाला हरके, म्हणजे नवस, बोलली होती, ती फेडायला चला म्हणून ती रोज मागे लागायची. तो रोज नवं कारण सांगायचा.

"दैवासमोर उभं राहायला कसली लाज वाटते तुम्हाला?" ती सहज थट्टेत म्हणाली. तो ताटावरून उठून गेला.

मनोहर रावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "टाकीतला सगळा फोम आगीवर मारून संपला. उरलाय तो पास झाल्याचा कागद. तपासाला काही सापडणार नाही. आपण वाचलो, साल्यान."

सेसप्पाने तो 'आपण' शब्द ऐकला आणि दार उघडून तो बाहेर पडला.

दहाव्या दिवशी तो इस्पितळात गेला. यतीशची बायको शशिकला त्याला चमच्याने गंजी, तांदळाची पेज, भरवत होती. सेसप्पाला पाहताच तिने वाटी खाली ठेवली, पुढे होऊन त्याच्या पायांना हात लावला. "तुम्ही ओरडला नसतात, अण्णा, तर माझं कपाळ पांढरं झालं असतं." सेसप्पाला वाटलं, धरणीने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं. हातातली मोसंब्यांची पिशवी त्याने तिथेच टेकवली आणि तब्येतीचं एक वाक्यही न विचारता तो बाहेर पडला. जिन्यावर बसून राहिला. उतरणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

तीन दिवसांनी तो पुन्हा गेला. शशिकला औषधं आणायला गेली होती.

"या सेसप्पण्णा!" यतीश म्हणाला. "इथला चहा तुमच्या कँटीनपेक्षा भिकार आहे. मला वाटलं नव्हतं तसं असू शकेल."

"यतीश, फोम नासलेला होता. मला ठाऊक होतं."

यतीश हसतच होता. मग त्याचं हसणं ओसरलं. "केव्हापासून?"

"ऑगस्टपासून. नमुना मी दुसऱ्या पिंपातून भरला."

"म्हणजे मी आत उतरलो तेव्हा..."

"ठाऊक होतं."

यतीशने पायांवरचं पांघरूण उचलून धरणाऱ्या लोखंडी चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या रावांनी सांगितलं तुम्हाला?"

सेसप्पाला ही पळवाट दिसली. त्याने ती घेतली नाही. "त्यांनी निभावून न्या म्हटलं. भरलं मी. आणि बांधावर उभा राहून गप्प बसलो तोही मीच."

"शशीने तुमच्या पायांना हात लावला."

"हो."

"मग तिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

शशिकला औषधांची पिशवी घेऊन येत होती. सेसप्पाने तिला व्हरांड्यात गाठलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. तिने फक्त विचारलं, "केवढी असते ती बाटली?"

त्याने दोन्ही हातांनी दाखवलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. त्या हातांकडे ती बघत राहिली. मग आत गेली, मोसंब्यांची पिशवी घेऊन आली, त्याच्या हातात दिली. तीन दिवसांत तिने त्यातलं एकही सोललं नव्हतं; यतीशला आंबट चालत नव्हतं. "पुन्हा येऊ नका. आलात तर मला काय बोलावं ते कळणार नाही."

पुढचं सगळं चौकशी समितीपुढे झालं; सेसप्पाने स्वतः जाऊन सांगितलं. मनोहर रावांनी कानांवर हात ठेवले. सेसप्पाने सत्तावीस वर्षांच्या नोकरीची माती केली आणि आता मला ओढतोय, म्हणाले. दोघांवरही खटला भरला. सेसप्पाची नोकरी गेली. किनाऱ्यावरच्या बाकीच्या डेपोंचे नमुने नव्याने घेतले, समितीच्या माणसांदेखत, तर आणखी दोन ठिकाणचा फोम नासलेला निघाला. हे ऐकून सेसप्पाला बरं वाटलं असं कुणी समजू नये. त्याला इतकंच वाटलं की आपल्यासारखे आणखी दोघं आज रात्री जेवणार नाहीत.

जलजाक्षीने ते पान कपाटातून काढलं. फाडलं नाही, रद्दीत घातलं. महिनाभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. एका सकाळी स्वतःच म्हणाली, "हरके मी बोलले होते. फेडायला मी जाते. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." तो गेला. दैवाच्या ठाण्याच्या, भूतस्थानाच्या, अंगणात शेवटच्या रांगेत उभा राहिला. सगळ्यांनी गंध घ्यायला हात पुढे केले तेव्हा त्याचा हात उचलला गेला नाही.

पावसाळा संपता संपता एके दिवशी पिंटो घरी आले. आगीनंतर ते त्याच्याशी बोलले नव्हते. ओट्यावरच उभे राहिले. जलजाक्षीने पाणी आणि गूळ ठेवला, त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"यतीश चालायला लागलाय, काठी घेऊन," ते म्हणाले. "कंट्रोल रूममध्ये बसवलंय. बंबावर पुन्हा चढता येणार नाही त्याला." मग खिशातून वही काढली. "सगळ्या डेपोंच्या माणसांना शिकवायला बोलावलंय मला. त्यात हे सांगायचंय. बाटली कशी भरली, कुणी काय म्हटलं, त्या वेळी डोक्यात काय होतं, सगळं. नाव नको असेल तर गाळतो. एक सुपरवायझर म्हणेन."

"नाव घाला."

"विचार करा. घरातली माणसं आहेत, सोयरीक आहे."

सेसप्पाने आत पाहिलं. जलजाक्षी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने नाही म्हटलं नाही.

"नाव घाला, सर. नाव नसलं तर त्यांना वाटेल, शिकवण्यासाठी रचलेली गोष्ट आहे. मलाही तसंच वाटलं असतं."

पिंटो पायरीवर बसले आणि त्यांनी पेन उघडलं. "सांगा," ते म्हणाले. "तोटी उघडली तिथपासून."