वेढा उठेपर्यंत

नानांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, आता उशीर करू नका म्हणून बजावलं आणि तारीख दिली. नानांनी ती तारीख एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा ढकलली. कारण काय, तर कादंबरीचा चौथा खंड अजून हातात आला नव्हता!

थोरलीला हे लोकांना सांगायचीसुद्धा लाज वाटायची. एका कादंबरीतल्या शहराला वेढा पडलाय, तो उठेपर्यंत आमचे वडील ऑपरेशनला येणार नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? धाकटीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. लांब राहणाऱ्यांना हसू येतंच. बाप रोज जिन्यात मधेच थांबतो, कठडा धरतो आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून मागे बघतो, हे जिला दिसतं तिला विचारा.

"नाना, ते शहर तीनशे वर्षांपूर्वीचं," ती म्हणायची. "पडलं असेल नाहीतर वाचलं असेल. जे व्हायचं ते होऊन गेलंय."

"तुला कळायचं नाही. वेशीचा राखणदार आत एकटा आहे आणि दाराबाहेर त्याचा पोटचा पोर, तोही शत्रूच्या बाजूने. तिसरा खंड नेमका तिथेच संपवलाय त्या मेल्याने. आता दार उघडतो की नाही?"

"मला काय करायचंय!"

"म्हणूनच म्हटलं, तुला कळायचं नाही."

हे सगळं खूळ रविवारच्या बैठकीचं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ऐतिहासिक कादंबऱ्यांचे मोजके वेडे जमायचे. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, कपाटात फ्रेमांचे डबे, मधे चहाची किटली. दुकानाचे मालक, म्हणजे चष्मेवाले, घसा खाकरून विचारायचे, "हं, सध्या काय वाचताय?" मग प्रत्येकाने आपापल्या पाळीला सांगायचं. शेवट कुणी फोडायचा नाही, हा पहिला नियम. आणि पुस्तक ज्याच्या हातात आहे त्याचं वाचून होईपर्यंत ते मागायचं नाही, हा दुसरा. ही चार खंडांची कादंबरी आता कुठे विकत मिळत नव्हती. चष्मेवाल्यांचा एकुलता एक संच हातोहात फिरायचा, आणि त्यातला चौथा खंड हेडबाईंकडे अडकला होता.

हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली, तपासणी काही सुटली नाही. हातात पेन्सिल घेतल्याशिवाय त्या पान उलटायच्या नाहीत आणि लेखकाची एक तरी चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. या वेगाने त्या कधी शेवटाला पोहोचणार, देव जाणे.

त्या रविवारी नाना दम लागतो म्हणून घरीच पडून होते. थोरली बाहेरच्या खोलीत कपडे शिवायची; तिने हातातला झगा तसाच मशीनवर टाकला, गळ्यातली मापाची पट्टी काढायचंही तिला सुचलं नाही, आणि ती बैठकीत जाऊन थडकली.

तिथे बैठकीतला केमिस्ट लढाई सांगत होता. चमचे हे घोडदळ, चष्म्यांचे डबे हे पायदळ, आणि साखरेचं भांडं म्हणजे टेकडी.

"मला जरा बोलायचंय," थोरली म्हणाली.

"पाळी आली की बोला," चष्मेवाले म्हणाले. "सध्या काय वाचताय?"

"काही नाही."

"काहीच नाही?" चष्मेवाल्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे, सध्यासुद्धा?"

तिने दात आवळले आणि स्टुलावर बसली. घोडदळ टेकडीवर चढलं, टेकडीवरून उतरलं, पुन्हा चढलं. मग हेडबाईंची पाळी आली. त्यांनी पिशवीतून चौथा खंड काढला आणि त्यावर पेन्सिल आपटली.

"या गृहस्थांनी राखणदाराच्या अंगरख्याला बटणं लावलीत! त्या काळी, साध्या राखणदाराला बटणं? नाड्या असणार, नाड्या!"

"श्रीमंत शहर होतं, बाई," केमिस्ट म्हणाला.

"शहर श्रीमंत असेल. राखणदार नव्हता." बाई थोरलीकडे वळल्या. "तूच सांग गं, तू शिवणकाम करतेस ना?"

झालं. थोरलीचा बांध फुटला.

"बटणं लावा, नाड्या लावा, नाहीतर उघडा हिंडू दे त्याला! तुमच्या बटणांपायी माझा बाप जाईल, कळतंय का कुणाला? झडप बिघडलीय त्यांची. हे पुस्तक वाचल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणून हटून बसलेत, आणि तुम्ही इथे नाड्या मोजताय!"

केमिस्टच्या हातातलं घोडदळ बशीत पडलं.

"आम्हाला तर म्हणाले, तारीख डॉक्टरांनीच पुढे नेली," चष्मेवाले हळूच म्हणाले.

हेडबाईंनी आपली खूण होती ते पान एकदा डोळे भरून पाहिलं, खूण काढून घेतली आणि खंड थोरलीच्या मांडीवर ठेवला. "ने. नियम गेला चुलीत. पण शेवट मला सांगायचा नाही हं."

थोरली जवळजवळ पळतच घरी आली. नानांनी खंड घेतला, वरून हात फिरवला, आणि उशाशी ठेवून दिला.

तो तिथेच राहिला. एके दिवशी नानांचे डोळे चुरचुरत होते, दुसऱ्या दिवशी उजेड बरा नव्हता, तिसऱ्या दिवशी म्हणे चष्म्याचा नंबर बदललाय. थोरलीने कपाळाला हात लावला.

"इतके दिवस पुस्तक नाही म्हणून घोडं अडलं होतं. आता कुठे अडलंय?"

नाना खिडकीकडे बघत म्हणाले, "शेवट कळला की माझं मागे काय राहिलं? मला टेबलावर आडवं करतील ना, तेव्हा काहीतरी अर्धं टाकून आलेलं असावं. अर्धं पुस्तक ठेवून माणूस जात नाही."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही." मग उशाशी ठेवलेला खंड सरळ करत म्हणाले, "भीती वाटते गं मला."

थोरलीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. भीती तिलाही वाटत होती. म्हणून तर इतके दिवस ती भांडत होती, भांडणं सोपं होतं. ती तरातरा उठली, बाहेरच्या खोलीतून सुईदोरा घेऊन आली आणि खंड ओढून घेतला.

"शेवटचं प्रकरण कुठून सुरू होतं?"

नानांनी दाखवलं. तिने त्या प्रकरणाची सगळी पानं एकत्र धरली आणि कडेकडेने पांढऱ्या दोऱ्याने शिवायला घेतली.

"अगं, दुसऱ्याचं पुस्तक आहे!"

"गप्प बसा. आधीचं सगळं वाचा. तोफा मोजा, बटणं मोजा. हे प्रकरण मी उसवणार ते तुम्ही घरी आल्यावर, तुमच्यासमोर. राहिलं की नाही तुमचं अर्धं?"

नानांनी खंड उजेडात धरून पाहिला. "टाके मोठे पडलेत. आत डोकावता येतंय."

"द्या इकडे!" ती ओरडली आणि पुन्हा बारीक टाके घालायला बसली.

ऑपरेशनच्या दिवशी नाना दोऱ्यापर्यंत वाचून आत गेले. खंड थोरलीच्या मांडीवर होता. थोड्या वेळाने ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरच्या बाकावर बैठकच्या बैठक येऊन बसली. ते शिवलेलं पुस्तक चष्मेवाल्यांनी पाहिलं मात्र, त्यांनी आपली छाती धरली. "माझा संच!"

हेडबाईंनी खंड हातात घेऊन शिवण तपासली. थोरलीला वाटलं, आता काढतायत चूक. पण त्यांनी खंड परत दिला आणि म्हणाल्या, "कात्री आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"माझ्या हाती लागेल अशी ठेवू नकोस."

वेळ जाता जाईना. शेवटी केमिस्टनेच दबक्या आवाजात विचारलं, "सध्या काय वाचताय?" कुणी काही सांगू लागलं, कुणी अडखळलं, नर्सने येऊन दोनदा दटावलं. पाळी थोरलीवर आली.

"काही नाही," ती म्हणाली. "त्या दाराकडे बघतेय. उघडतं कधी ते."

या वेळी कुणी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं नाही. हेडबाईंनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दार उघडून डॉक्टर बाहेर येईपर्यंत तो काढला नाही. सगळं नीट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नानांच्या घशातली नळी निघाली, तेव्हा थोरलीला पाच मिनिटं आत सोडलं. नानांचे ओठ सुकले होते. तिने कान जवळ नेला.

"उसवलंस?"

"नाही हो."

"आणि बाईंनी?"

"त्यांनीही नाही. पण सारखी कात्री विचारतायत."

नानांनी डोळे मिटले. तिला वाटलं, झोपले. मग ते अगदी हळू म्हणाले, "मग लवकर घरी ने मला. बाईंचा काही भरवसा नाही."