मामाचा मान आणि कयलचा सुळा

मदुरैत वीस वर्षं मी लोकांचे दात सरळ करते आहे. पण वाकडा दात ओळीत आणायला कधीकधी शेजारचा चांगला दात काढावा लागतो, हे काही अजून कुणाच्या गळी उतरवता आलेलं नाही.

कयलचंच घ्या. नुकती अठरा पूर्ण झालेली मुलगी. जबडा लहान, त्यामुळे वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर आलेले. कॉलेज सुरू व्हायच्या आत तारा लागाव्यात, एवढाच तिचा हट्ट. सुळ्यांमागच्या दोन उपदाढा काढल्या की झालेल्या जागेत सुळे सरकणार होते. मी चित्र काढलं, नेमक्या दातांवर फुल्या मारल्या.

तिची आई म्हणाली, "मामाला विचारल्याशिवाय कसं हो, डॉक्टरम्मा? कान टोचले तेसुद्धा त्याच्याच मांडीवर."

"कान टोचायला मांडी लागते. दात काढायला माझ्याकडे खुर्ची आहे!"

पण ऐकतंय कोण! उसिलमपट्टीहून चेल्लपांडीमामा आले, केळीचा घड घेऊन. चित्र उलटंसुलटं पाहून म्हणाले, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"मामा, सुळ्याचं मूळ सगळ्यात लांब. म्हातारपणी बाकीचे पडले तरी तो टिकतो. त्याला हात लावायचा नाही."

"कळलं, कळलं." त्यांनी चित्र खिशात घातलं. पालथ्या घड्यावर पाणी! मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

गुरुवारी दात काढायचं ठरलं होतं, कुणी फिरकलंच नाही. शनिवारी मामा कयलला घेऊन आले, चेहरा खुललेला.

"तुमचा त्रास वाचवला. उजवीकडचा आमच्या गावच्या डॉक्टरकडून काढून घेतला. डावीकडचा पुढच्या आठवड्यात." त्यांनी कागदाची पुडी उघडली.

आत सुळा होता. लांबलचक, पांढराशुभ्र, कुठे डाग नाही. माझा संताप संताप झाला.

"चित्र दाखवलंत त्या डॉक्टरला?"

"त्यात काय दाखवायचं? वाकडा कुठला ते दिसतच होतं की!"

"अहो, तोच सरळ करणार होते मी! त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!" बाहेर बसलेल्या पेशंटनीही ते ऐकलं असणार.

कयल गाल धरून म्हणाली, "मी दोनदा सांगितलं यांना. म्हणाले, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही."

मामांनी पुडीतला सुळा उचलून विचारलं, "परत बसवता येईल का?"

"नाही. आता उपदाढ पुढे ओढून सुळ्याच्या जागी आणावी लागेल. बरं दिसेल. पण तिचा सुळा गेला तो गेलाच."

मामांनी पुडी मिटली. मग नेहमीच्या अधिकाराने म्हणाले, "बरं, डावीकडचं मग तुम्ही म्हणाल तसं. मी शेजारी उभा राहतो."

कयल खुर्चीत जाऊन बसली. "मामा, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली, आणि दार लागेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.