सात रेघांची बॅटरी

धाकट्यानं पाना इतक्या जोरात फिरवला की जीपच्या बॅटरीच्या नटाची कड झडली.

"ही बघ," तो म्हणाला, "सात वर्षं चालली. तात्यांनी एक दिवसही तिला नावं ठेवली नाहीत. आणि तू आलीस."

थोरली बहीण पायरीवर बसून होती. तात्यांना जाऊन नववा दिवस होता, आणि हे वाक्य तिनं आतापर्यंत इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला श्वास कुठे घेतला जातो तेही तिला पाठ झालं होतं.

समोरचा चक्कीवाला पिठाच्या हातांनीच कुंपणाला टेकला. कोणाच्याही अंगणात आवाज चढला की चक्की बंद करून यायची त्याची रीत होती.

"अरे, तिनं काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही, काका. शहाणपणानं."

"ते मात्र खरं. शिकलेल्या माणसाच्या पुस्तकात उतार नसतो."

थोरली उठली. "दोन्ही बॅटऱ्या घे. बॅटरीवाल्याकडे जाऊ. एक गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकायची आहे मला."

"कोणती?"

"ही बॅटरी किती वर्षं टिकायला हवी होती."

गाव टेकावर होतं. खालच्या डांबरी रस्त्यापासून वर येणारी वाट म्हणजे निव्वळ दगड आणि ओहळ, आणि पावसाळ्यात त्या वाटेनं एकच गाडी चढे, तात्यांची चारही चाकं ओढणारी डिझेल जीप. बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर, शाळेच्या बाई, बियाण्याची पोती, सगळं त्या जीपमधून. तात्यांना जीपपेक्षा तिच्या बॅटरीचा अभिमान जास्त. बसवली त्या दिवसाची आठवण ठेवून ते दरवर्षी तिच्या झाकणावर खिळ्यानं एक रेघ ओढत. सात रेघा झाल्या होत्या. पाहुणा आला की चहाच्या आधी बॉनेट उघडत.

त्यामागचं गुपित सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कोणालाच ते गुपित वाटत नव्हतं. घराच्या अंगाला मुरुमाचा उतार होता. जीप कायम त्यावर, तोंड खाली. सकाळी तात्या किल्ली फिरवायच्या भानगडीत पडतच नसत. ब्रेक सोडायचा, जीप घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. गाडी खोकायची आणि सुरू व्हायची. थोरलीला त्यांनी गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा क्लचचा नव्हता, ब्रेकचाही नव्हता. "उभी करताना तोंड उताराला," हा होता.

पंधरा वर्षं शहरातली, बोटानं बटण दाबलं की सुरू होणारी गाडी चालवल्यावर तो धडा तिच्या हातून सुटला. सुट्टीला आली होती. संध्याकाळी आभाळ भरून आलं. जीपचं कापडी छत तात्यांच्या बैठकीवरच फाटलेलं. त्यांची बैठक भिजू नये म्हणून तिनं ब्रेक सोडून जीप उतारावरून घरंगळत खाली आणली आणि अंगणात, पत्र्याखाली, सपाट जमिनीवर नीट उभी केली. तात्या आत आडवे झाले होते. त्यांना सांगितलं नाही. सकाळी कोरडी बैठक बघून खूश होतील असं तिला वाटलं.

सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. धाकटा आणि ती, दोघांनी त्यांना जीपमध्ये बसवलं. बैठक कोरडी होती. किल्ली फिरवली. आतून 'टक' झालं. पुन्हा 'टक'.

चक्कीवाल्यासकट सहा जणांनी ढकललं. रात्रभराच्या पावसानं अंगणाचा राडा झालेला. चाकं फिरण्याऐवजी घसरत होती.

तात्या मात्र घाबरले नाहीत. घामेजलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "ओरडता कशाला? माळ्यावर नवी आहे. ताईनं दिलेली."

ती वर्षभर माळ्यावर होती, खोक्यात, वरून जुनं पांघरूण. जुनी उठते आहे तोवर लेकीची कशाला झिजवा, असा त्यांचा हिशेब. धाकट्यानं ती उतरवली, पट्ट्या आवळल्या, किल्ली फिरवली. 'टक'सुद्धा झालं नाही.

"बसव नीट," तात्या म्हणाले. "नवी आहे ती." त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

बॅटरीवाल्याला सगळे चाळणी म्हणत, कारण ॲसिडनं त्याचा एकही सदरा धड ठेवला नव्हता. चिखल वाळल्यावर जीप पुन्हा उतारावर ढकलून ठेवली होती, आणि धाकट्यानं आज ती तिथूनच घरंगळत सुरू करून आणली होती. इंजिन बंद न करताच त्यानं दोन्ही बॅटऱ्या दुकानाच्या पायरीवर ठेवल्या, नवीचं खोकं थोरलीच्या हातात दिलं आणि तो पेंड आणायला निघून गेला.

चाळणीनं जुनीची बुचं काढली, काचेची नळी आत घातली, वर धरून पाहिली. मग झाकणावरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"वर्षं."

"सात?" तो हसला. "ताई, डिझेलचं इंजिन जड. एका दमात खूप ओढतं बॅटरीकडून. आणि तुमची वाट दगडांची, आतल्या प्लेटा हादरून झडतात. अशा गाडीत चार वर्षं टिकली तर बॅटरीनं उपकार केले. पाच म्हणजे नशीब."

"मग ही सात वर्षं चालली ती?"

"ही कुठे चालली? तुमचा उतार चालला. ही तीन वर्षांपूर्वीच मेलेली आहे. नुसती बसून फिरत होती गाडीतून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी."

थोरलीच्या छातीवरचं काहीतरी किंचित हललं. मेलेलीच होती. कधी ना कधी हे व्हायचंच होतं.

"आणि ही नवी?"

चाळणीनं मीटरचे चिमटे लावले. काटा हलला नाही. त्यानं बूच काढून विजेरी आत मारली. "पांढरं चढलंय प्लेटांवर. ही वापरून गेलेली नाही. ठेवून गेली."

"ठेवून?"

"माल चांगला होता. पण नुसती ठेवली तरी बॅटरी उतरत जाते. दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावी लागते. केली असती तर सपाटावरसुद्धा पहिल्या झटक्याला उठली असती. खोक्यात कागद असतो त्यात लिहिलेलं असतं. बघा, तुम्हाला वाचता येईल. माझं इंग्रजी सदऱ्यासारखंच."

कागद खोक्याच्या तळाशीच होता, चार घड्यांचा. तिसरी ओळ ठळक अक्षरात होती. वापरात नसल्यास दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

तिनं कागद उलटला. मागे पेन्सिलीनं, तात्यांच्या खिळ्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'ताईला विचारले. नेहमीचेच आहे. ठेवली तरी चालेल.'

तिला फोन आठवला. पेपर तपासण्याचे दिवस. "ताई, आत एक कागद आहे. इंग्रजीत. धाकट्यानं फोटो पाठवलाय, बघ जरा." तिनं फोटो उघडला नव्हता. लाल पेन हातात धरूनच ती म्हणाली होती, "नेहमीचंच असतं, तात्या." "म्हणजे ठेवून दिली तर चालेल ना?" "हो, चालेल." एका वर्षात तिनं किती पुस्तकं वाचली होती, त्यांची यादी तिच्या वहीत होती.

"त्यांनी कोणाला विचारलं नाही का?" चाळणीनं विचारलं.

"विचारलं होतं."

चाळणीनं तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातून चार्ज केलेली दुसरी बॅटरी ओढून काढायला वाकला.

धाकटा आला. इंजिन चालूच. "काय म्हणाला?"

कागद तिच्या मुठीत होता. चाळणी दुसरी बॅटरी पुसत राहिला. ती म्हणाली, "जीप उतारावर असती तर सुरू झाली असती."

"मी काय वेगळं सांगत होतो नऊ दिवस?"

"तूच बरोबर होतास."

इतक्या सहज कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज उतरला. "जाऊ दे, ताई. तुझ्या तरी काय ध्यानात राहणार इतक्या वर्षांनी. चांगलंच करायला गेलीस." नऊ दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलला. तिनं मूठ पदराखाली घेतली.

बॅटरी बसली. किल्ली फिरवताच जीप दुकानासमोरच्या सपाट जमिनीवर एका झटक्यात सुरू झाली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

चाळणीनं आत्ता बसवलेल्या बॅटरीचा कागद खिडकीतून आत दिला. धाकट्यानं तो न पाहताच तिच्या मांडीवर टाकला. "तू बघ. तुला येतं."

जीप दगडांवरून चढू लागली. तिनं कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं, मराठी करून वाचायला घेतला. पाणी किती, पट्ट्या किती आवळाव्यात, आगीपासून किती दूर. वळणावर अक्षरं नाचत होती, ती थांबत होती, पुन्हा तिथूनच धरत होती.

निम्मी वाट चढल्यावर धाकटा कंटाळला. "पुरे की, ताई. नेहमीचंच असतं."

तिनं बोटानं ओळ शोधली. मग पुढचं वाचू लागली.