न चाललेल्या दमणीची चाकपट्टी

मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आयुष्यभर मी नुसती कुरकुरले. मी जळगाव जामोदची एक जुनी दमणी, म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी.

सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. लोहाराने चाकांवर तापलेल्या लोखंडी धावा चढवल्या. उकंडरावांनी दुडक्या चालीची बैलजोडी जुंपली आणि सातपुड्याच्या कडेने मी पुष्कळ हिंडले. त्यांची सून चांगुणा आसलगावहून माझ्यातूनच आली. वाटभर ती पडदा सारून डोंगर पाहत होती.

पुढे मोटारी सुरू झाल्या. उकंडराव वारले, ती जोडीही गेली. त्यांच्या मुलाने, उत्तमरावांनी, मला गोठ्यात नेले आणि वाळवी लागू नये म्हणून आसाखाली दगड रचून अधांतरी उभे केले.

मात्र दर पोळ्याला चांगुणाबाई माझ्या चाकांना ओंगण, म्हणजे वंगणाचे तेल, देत. चाक हाताने फिरवत, आस जिथे बसतो तो चाकाचा मधला तूंब तेलाने भिजवत. जमिनीला न टेकता चाक फिरत राही आणि मला गुंगी येई. वाटे, धुक्यातून वाट येते आहे, डोंगर निळे होत आहेत, मी कुठेतरी निघाले आहे.

घात झाला तो त्या तेलानेच. नगरपालिकेत तेव्हा चालत्या गाड्यांवर चाकपट्टी, म्हणजे चाकांचा कर, असे. एका पोळ्याला कारकून मोजणीला आला, त्याने तूंबातून निथळणारे ओंगण पाहिले आणि मला चालती गाडी ठरवले. पट्टी साचत गेली. उत्तमराव दरवेळी सांगत की गाडी चालतच नाही. कोणी ऐकले नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती जुनी बाकी पुन्हा निघाली आणि शिपाई दयाराम जप्तीचा हुकूम घेऊन आला. पट्टी भरा, नाहीतर बाजाराच्या दिवशी दमणीचा लिलाव.

"पाह्य, तुह्या तेलानं गाडी घालवली," उत्तमराव बायकोला म्हणाले. त्या माझ्या दांडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बाजाराच्या दिवशी वसुलीचे साहेब, शालिग्राम, स्वतः आले. त्यांनीही आधी तूंबच पाहिला.

"चालत नाही, तर ओंगण काऊन देता, बाई?"

"देवाले रोज आंघोळ घालतो आम्ही, साहेब. तो काय कुठं जाऊन राह्यला?"

दयारामने तोंड फिरवून हसू लपवले. साहेब मात्र खाली वाकले. त्यांनी धावेवरून बोट फिरवले. मातीत घासणारी धाव आरशासारखी चकाकते. माझ्या धावेचा गंज त्यांच्या बोटाला लागला, पानाच्या काथासारखा तांबडा. दुसऱ्या चाकालाही तसाच. बोट पुसत ते म्हणाले, "ही चाललीच नाही. जुनी बाकी काढून टाकतो. पुढंही न चालती म्हणून लिहून ठेवतो."

उत्तमरावांनी हात जोडले. मला हायसे वाटले, आणि कुठेतरी दुखलेही. न चालती!

तेवढ्यात चांगुणाबाई म्हणाल्या, "तसं नका लिहू साहेब. मागची पट्टी आम्ही देणार नाही, ते खोटं व्हतं. ह्या सालची घ्या. आज चालवतो आम्ही तिले."

उत्तमराव आसाखालचे दगड काढू लागले. साहेबांनी आणि दयारामने दांड्यांना हात दिला. शेतातले जड बैल जुंपले. चाके मातीला लागली तेव्हा माझ्या अंगभर शहारा आला. आसलगावच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन मऊ पडले होते. मी जागी होते की झोपेत, अजून कळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल. तिला पुसा, तेलपाणी करा, तेवढी माया तिला पुष्कळ दिवस पुरते. पण जमले तर कधीतरी तिला बाहेरही काढा. आम्हाला जपून ठेवतात ते बरे वाटते. पण जायचे असते हो आम्हाला.