कारलं नंतर

आमच्या घरी ताटातलं संपवल्याशिवाय दुसरं काही मागायचं नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा. आधी नावडतं, मग आवडतं, आणि ताट चकचकीत करूनच उठायचं. लग्न होऊन छत्रीबागेतल्या या घरात आले, त्या पहिल्याच दिवशी माझ्या ताटात कारलं होतं आणि श्रीखंड लांब पातेल्यात. मी कारलं औषधाच्या गोळीसारखं पाण्याबरोबर गिळलं. मनातल्या मनात अण्णांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी मुलगी श्रिया मात्र याच नियमावर खुशीत वाढली. अण्णा गणिताचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांना एकच विद्यार्थिनी उरली, आणि तिला त्यांनी पाढ्यांपासून बारावीपर्यंत आणलं. गणितातही रीत तीच, एक सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वहीत ते छान चाललं. पण श्रियाला दिल्लीच्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकायचंय, आणि तिथला प्रवेश एकाच परीक्षेवर मिळतो. ती होते कॉम्प्युटरवर. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं आणि बाजूला प्रश्नांचे चौकोन असतात. सोडवलेला प्रश्न हिरवा, बघून सोडून दिलेला लाल, उघडलाच नाही तो पांढरा.

आमच्या पोरीला लाल चौकोन बघवत नाही. प्रत्येक सराव परीक्षेत ती एखाद्या आडमुठ्या प्रश्नापाशी ठाण मांडून बसायची आणि वेळ संपायचा तेव्हा निम्मा पडदा पांढराच असायचा. कोचिंगच्या सरांचं समजावून झालं, भोपाळला नोकरीला असलेल्या तिच्या बाबांचं फोनवर सांगून झालं, माझं तर ओरडून झालं.

"मला समजतं गं आई," ती म्हणायची. "पण ते लाल दिसलं ना, की दिमाग तिथेच अटकून जातं. वाटतं, मी चीटिंग करून राहिली आहे."

अण्णांना याचं कौतुक होतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरायचं. अर्धवट सोडायची आपल्यात पद्धत नाही, असं ते एकदा चहा पिताना म्हणाले. मग पोरगी जन्मभर इथेच बसेल लाल चौकोन पुसत, असं मी ऐकवलं. श्रिया गेल्यावर घर कसं ओकंओकं होणार आहे, हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरीही ती जावी म्हणून जीव तुटत होता तोही त्यांचाच. मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दुपारी ते श्रियाशेजारी खुर्ची ओढून बसले. ती नेहमीप्रमाणे एका प्रश्नात अडकली. अण्णाही पुढे झुकून मनात तोच सोडवत होते, हे मला दारातून दिसत होतं. वेळ संपला. मग श्रियाने न उघडलेले प्रश्न एकेक करून बघितले. शेवटचे तर अण्णांनी तिला आठवीत शिकवलेल्यातले होते, बसल्या बसल्या सुटावेत असे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या संध्याकाळी पानं वाढली. पुऱ्या, आंब्याचा रस आणि कारलं.

"शलाका, आधी रस वाढ," अण्णा म्हणाले. "कारलं नंतर बघू. ते कुठे पळून जातंय?"

माझा डाव हातातच राहिला. अण्णा रसपुरी जेवले, पण नजर सारखी कारल्याकडे जात होती. शेवटी ते पाटावरून उठले, "वेळ संपला" म्हणाले आणि हात धुवायला गेले. ताटात कारलं तसंच होतं. मला त्या माणसाबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती. श्रिया मात्र चिडली. आजोबा नाटक करून राहिले आहेत, असं पुटपुटत खोलीत गेली.

थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले, तर अण्णा ओट्याशी उभे राहून तेच गार कारलं खात होते. पकडल्यासारखे झाले.

"तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. मी स्टूल पुढे सरकवलं.

त्यानंतर श्रिया प्रश्न सोडून पुढे जायला लागली. पांढरे चौकोन कमी झाले. नाटक लागू पडलं म्हणून अण्णा मनातून खूश होते. कारलं केलं की ते ताटात टाकून उठायचे आणि मागाहून ओट्याशी उभं राहून संपवायचे.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात ते छत्री घेऊन सेंटरबाहेर उभे होते. श्रिया बाहेर आली तेव्हा पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. किती सोडले, ते विचारलं. बरेच सोडले, ती म्हणाली, पण शेवटी परत येऊन त्यातले निम्मे केले. बाकीचे लालच राहिले. सांगताना तिचा चेहरा शांत होता.

घरी जेवायला बसलो. अण्णांनी सवयीने कारलं बाजूला सारलं आणि उठायला लागले. श्रियाने त्यांचा हात धरला.

"आता इथेच बसून खा ना आजोबा. किचनमध्ये उभं राहून कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी पाणी प्यायला दारापर्यंत आली होती मी," श्रिया म्हणाली. "तुम्ही खाऊन राहिले होते. तेव्हा कुठे समजलं. सोडलं म्हणजे टाकून नाही दिलं. परत येता येतं."

अण्णा पुन्हा बसले. कारल्याची एक फोड त्यांनी उचलली, पण तोंडात घातली नाही.

"दिल्लीहून पण?" त्यांनी विचारलं.

श्रियाने ती फोड त्यांच्या हातातून घेतली आणि पाणी न पिता चावून खाल्ली.